मागची सीट

सना: अजून एक! अब्बू, चिकटपट्टी द्या इकडे. हेडरेस्टच्या खाली लपलाय. हे थर्माकोलचे मणी म्हणजे ना, आपल्या काळेवाडीतले डास. एक मारला की चार हजर.

इब्राहिम: हळू. सीटचं कापड ओढू नकोस. पट्टी लावायची, दाबायची, उचलायची. हिंदुराव दहाला येतो म्हणालेत.

सना: मग आहे की अर्धा तास.

इब्राहिम: ते दहा म्हणाले की पावणेदहाला येतात.

सना: आणि आले तरी कुणाला दिसणार आहेत हे मणी? सहा-सात तर असतील.

इब्राहिम: मला दिसले ना. वीस वर्षं झाली या गॅरेजला. गिऱ्हाइकाच्या गाडीत माझ्या घामाचा वाससुद्धा राहिला नाही कधी. सीटवर पेपर टाकून बसतो मी. ट्रायल म्हणजे काळेवाडी फाटा आणि परत. काल पहिल्यांदा डांगे चौक ओलांडला.

सना: आणि कसला ओलांडलात! अब्बू, शाळेच्या वॉचमनने मला सलाम केला. मला! जूनपासून रोज तुमच्या स्कूटरवरून उतरतेय, त्याने कधी मान वर करून बघितलं नाही. काल धावत येऊन दार उघडलं.

इब्राहिम: ट्रायलच होती ती. ब्रेकचं काम झालं की गाडीत वजन टाकून बघावंच लागतं.

सना: वजन म्हणजे मी आणि इंद्रायणी.

इब्राहिम: चार फुटांची नदी केलीस तू. स्कूटरवर कशी नेणार होतो?

सना: तेच तर! आळंदीचा घाट, पूल, खाली घाण पाण्यावरचा थर्माकोलचा फेस. स्कूटरवर नेली असती तर ताथवड्याला शाळेपर्यंत रस्ताभर फेसच फेस. आणि पहिला नंबर आला, अब्बू! ऑगस्टमध्ये वक्तृत्वाची ढाल, आता विज्ञान प्रदर्शन. चार महिन्यांपूर्वी त्या शाळेत मला कुणी डबा खायला बोलवत नव्हतं. आता बघा! आणि येताना तर काय मजा आली. मी मागे पाय पसरून बसलेय, एसी चालू, बाहेर सगळे स्कूटरवाले घामाघूम.

इब्राहिम: आपणही रोज त्यांच्यातच असतो.

सना: म्हणूनच तर मजा आली. एक विचारू? रागवायचं नाही.

इब्राहिम: ती दाराजवळची फट बघ आधी.

सना: बघते. या शेडमध्ये आत्ता पाच गाड्या उभ्या आहेत. पाचही तुम्ही उघडून परत जोडल्यात. आणि आपल्याकडे काय, तर स्कूटर. बारा महिने तेरा काळ स्कूटर. पावसात मी तुमच्या रेनकोटच्या मागच्या पदरात डोकं खुपसून येते, वर्गात जाईपर्यंत सॉक्समधून पाणी गळतं. थंडीत तुम्ही शर्टात पेपर घालता. मागून धरलं की पापडासारखे कुरकुरता. एप्रिलमध्ये ती सीट म्हणजे तवा. मुली मला काय म्हणतात माहितीये?

इब्राहिम: काय म्हणतात?

सना: ऑइलपाणी. "आली ऑइलपाणी." कारण तुमच्या पाठीला टेकून आले की माझ्या युनिफॉर्मला वास येतो.

इब्राहिम: मला सांगितलं नाहीस.

सना: सांगून काय करणार होतात? दुसरी पाठ लावणार होतात?

इब्राहिम: चाकणच्या रस्त्यावर कंपन्यांची शिफ्ट सुटली की काय होतं, तू बघितलंस ना? तास तास गाडी हलत नाही. तिथे कुणाची गाडी बंद पडली की मला फोन येतो. मी स्कूटर काढतो, हत्यारांची पिशवी पायात, ट्रकांच्या मधून वाट काढतो आणि पोचतो. गाडी घेतली तर मीही त्याच रांगेत अडकणार. बंद गाडीपर्यंत स्कूटरच पोचते, बेटा. आपलं घर तिच्यावर चाललंय.

सना: छान. मुद्दा मांडलात, उदाहरण दिलंत. मी परीक्षक असते तर दहापैकी चार दिले असते. आवाजात जोर नाही. खरं सांगू? तुम्ही घाबरता. गाडी घेतली आणि झेपली नाही तर लोक हसतील, म्हणून घेतच नाही. मी नाही अशी होणार.

इब्राहिम: नको होऊस.

सना: बघा, लगेच हरलात! निदान भांडा तरी. आणि शाळेचं टेन्शन घेऊ नका, मी सांभाळलंय ते. जूनपासून सांगतेय, आमची गाडी गॅरेजमध्ये आहे म्हणून स्कूटर. यात खोटं काय? गाड्या गॅरेजमध्येच आहेत.

इब्राहिम: सना.

सना: तुम्ही गेटवर हेल्मेट काढत नाही ते एक बरं आहे. तुमचं तोंड कुणी पाहिलेलंच नाही.

इब्राहिम: काल पाहिलं असेल. मॉडेल उचलून हॉलपर्यंत आणलं मी. तुझ्या मैत्रिणी होत्या ना तिथे, पाच-सहा जणी?

सना: हो... होत्या. पण तुम्ही लगेच गेलात ना.

इब्राहिम: काय म्हणाल्या?

सना: काही नाही. रिक्षा थांबली बघा बाहेर. आले वाटतं तुमचे हिंदुराव.

हिंदुराव: काय इब्राहिमभाई, झाली का आमची गाडी?

इब्राहिम: झाली, आबा. या, बसा. ब्रेक नवे टाकलेत, एसी एकदम थंड. सना, आबांना पाणी आण.

हिंदुराव: ही पोरगी तुमची व्हय?

इब्राहिम: हो, माझीच.

हिंदुराव: ऱ्हाऊ द्या पानी. थांबू द्या तिला हितंच. इब्राहिमभाई, एक इचारायचं व्हतं. काल माझी गाडी कुठं व्हती?

इब्राहिम: इथेच होती. म्हणजे... ट्रायलला काढली होती.

हिंदुराव: कुठवर?

इब्राहिम: ताथवड्यापर्यंत.

हिंदुराव: माझ्या गावापोत्तर? मंग घरीच आनून सोडायची की! आता ऐका. आमची नात हाय, विजयश्री. ती म्हनती, आबा, आपली गाडी आमच्या साळंत आली व्हती. म्या म्हनलं, येडी का खुळी, गाडी इब्राहिमभाईकडं हाय. तर म्हनली, म्या सोता नंबर वाचलाय. एक पोरगी मागं बसून आली, मडमेवानी. अन् आल्या आल्या सगळ्यांना सांगितलं, ही आमची गाडी, अन् तो खोका उचलून आनतोय, तो आमचा डायवर.

इब्राहिम: काय म्हणाली ती?

हिंदुराव: डायवर. मळका शर्ट, पायात स्लिपर. पोरींनी इचारलं, असा कसा गं तुमचा डायवर? तर म्हनली, कितीदा सांगितलं त्याला, नीट कपडे घाल, ऐकतच न्हाई.

इब्राहिम: असं म्हणाली?

हिंदुराव: व्हय. अन् हसली म्हनं. आता तुमी मला सांगा, कोन हाय ही बड्या बापाची पोरगी? कुनाला भाड्यानं दिली माझी गाडी?

इब्राहिम: सना, तू घरी जा.

हिंदुराव: कशाला? बसू द्या की. पोरीलाबी कळू द्या, बाप काय धंदा करतो ते. काय गं, कितवीला हाईस?

सना: नववी.

हिंदुराव: साळा कंची?

इब्राहिम: इथलीच, आबा. काळेवाडीतली. मागच्या गल्लीत.

हिंदुराव: तिला इचारलं म्या.

सना: हो. इथलीच.

हिंदुराव: बरं. मंग बोला, इब्राहिमभाई.

इब्राहिम: भाड्याने दिली, आबा. एक जण मागे लागले होते. मुलीला थाटात शाळेत सोडायचं होतं त्यांना. मीच नेऊन आणलं. चुकलं माझं.

हिंदुराव: काय मिळालं त्यात?

इब्राहिम: काही नाही मिळालं.

हिंदुराव: फुकाट? मंग तर लईच मोठं मन तुमचं. दुसऱ्याच्या गाडीवर. नाव काय त्या मानसाचं?

इब्राहिम: नाव नका विचारू.

हिंदुराव: वीस वर्सं चावी टाकून जातोय मी हितं. कदी किलोमीटरचा आकडा बघितला न्हाई. घरात लोकं म्हनायची, कंपनीच्या शोरूमला न्या. म्या म्हनायचो, इब्राहिम देवमानूस हाय. कान धरा.

इब्राहिम: आबा...

हिंदुराव: धरा म्हनतो. दोनी हातानं. म्हना, मी चोर हाय.

सना: आबा, ऐका ना, ते...

हिंदुराव: काय गं? बोल की. तुला काय ठावं हाय का ह्यातलं?

सना: (चिकटपट्टी गुंडाळत) मला?

हिंदुराव: बोल, बोल. घाबरू नगंस. एका शब्दानं बाप सुटत असंल तर सांग.

सना: नाही. मला काही माहीत नाही.

हिंदुराव: न्हाई ना? मंग ऱ्हाऊ दे. हां, इब्राहिमभाई. मोठ्यानं.

इब्राहिम: मी चोर आहे.

हिंदुराव: झालं. सोडा कान. आमच्या घरातल्या चार गाड्या अन् दोन टँकर, उद्यापास्नं एकबी ह्या शेडात यायची न्हाई. अन् ताथवड्यात जो इचारंल त्याला मी सांगनार, इब्राहिम गिऱ्हाइकाची गाडी भाड्यानं फिरवतो.

इब्राहिम: सांगा.

हिंदुराव: चावी.

इब्राहिम: घ्या. मागच्या सीटवर एखाददुसरा थर्माकोलचा मणी राहिला असेल, आबा. पुसून घ्या.

हिंदुराव: इंद्रायनीचा फेस ना त्यो?

इब्राहिम: ...आबा?

हिंदुराव: पोरी, पयला नंबर आला म्हनं तुझा. विजयश्रीनं फोटू दावला मला. मॉडेलापाशी हुबी हाईस, गळ्यात बिल्ला. हितं पाय टाकला अन् वळखलं. म्हनलं बगू तरी, बाप कुठवर झाकतो, अन् पोरगी कवा त्वांड उघडती.

सना: आबा, प्लीज, विजयश्रीला...

हिंदुराव: भासनातबी ढाल मिळाली म्हनं तुला. लई ग्वाड बोलतीस. मंग आज काय झालं? उद्या सोमवार. विजयश्री गेटावर वाट बघनार हाय. अन् एकटी न्हाई, समदा वर्ग हाय तिच्यासंगं.

इब्राहिम: आबा, माझं काय ते तुम्ही केलंत. लहान आहे ती.

हिंदुराव: लहान? तुमच्या-माझ्यापेक्षा मोठी हाय, इब्राहिमभाई. सरा बाजूला, गाडी काढतो.

इब्राहिम: रिव्हर्स जरा जपून घ्या. मागे माझी स्कूटर आहे.

(गाडी रस्त्याला लागते.)

सना: अब्बू.

इब्राहिम: ती चिकटपट्टी उचल खालची. गोळे झालेत.

सना: मी मुद्दाम नाही हो म्हटलं. सगळ्या एकदम विचारायला लागल्या, हे कोण, हे कोण. विजयश्री तर माझ्या तोंडाकडेच बघत होती. माझ्या तोंडातून निघून गेलं.

इब्राहिम: हं.

सना: आणि तुम्हाला कुणी सांगितलं होतं भाड्याचं कबूल करायला? सरळ सांगायचं, मुलीला सोडलं म्हणून! ते ओरडले असते आणि गेले असते. आता गाड्याही गेल्या आणि मीही सापडले. काय उपयोग झाला?

इब्राहिम: काही नाही.

सना: मग?

इब्राहिम: मला वाटलं, तू बोलशील. तोपर्यंत काहीतरी म्हणायला पाहिजे होतं.

सना: उद्या मी शाळेत जाणार नाही.

इब्राहिम: जायचं. साडेसहाला निघू.

सना: स्कूटरवर?

इब्राहिम: दुसरं काय आहे?

सना: त्या सगळ्या उभ्या असतील, अब्बू. मोबाइल काढून उभ्या असतील. तुम्ही... तुम्ही हेल्मेट तरी काढू नका हं. काच खालीच ठेवा.

इब्राहिम: नाही काढत.

सना: चिडलात ना माझ्यावर?

इब्राहिम: नाही. मी आठवत होतो. काल निघताना मी म्हटलं, पुढे ये, एसीची हवा पुढे चांगली लागते. तू म्हणालीस, मी मागे बसते, मॉडेल धरायला पाहिजे.

सना: मग, धरायला पाहिजेच होतं! एवढी मोठी नदी, तुम्ही ब्रेक मारला असता तर पूल तुटला नसता?

इब्राहिम: तुटला असता.

सना: खरंच, अब्बू. शपथ. मॉडेलसाठीच बसले मी मागे.

इब्राहिम: येतानाही मागेच बसलीस. तेव्हा मॉडेल शाळेत होतं.