नजीरभाऊंनी सोबत नेलेला पासवर्ड

जमलेल्या आयाबहिणींनो, सरपंच साहेब, आणि बाहेरगावाहून आलेले पाहुणे,

मले भाषण येत नाही. चौथीनंतर शाळा सुटली. माईक हातात धरायची ही पहिलीच वेळ आहे, अन् आज बोलायची इच्छाबी नव्हती. पण माझ्या आधी जे बोलले, त्यांनी नजीरभाऊंले देवमाणूस करून टाकलं. मी मागं बसून ऐकून राहिली, का हे थांबते कवा. नजीरभाऊ देवमाणूस नव्हते. चांगले माणूस होते. आमाले त्यांनी कॉम्प्युटर शिकवला, अन् जाता जाता आमाले फसवलं. मी दोन्ही सांगणार आहे. त्यांच्या घरच्या, रेहानाभाबी, इद्दतीत आहेत, नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस बाहेर निघत नाहीत, म्हणून त्या इथं नाहीत. माझं बोलणं कोणीतरी त्यांले जाऊन सांगनच. सांगा. पण मी म्हटलं तसंच सांगा, गोड करून नका सांगू.

पाहुण्यांले माहीत नसन म्हणून सांगते. आपल्या महिला बचत गटाचं फारम भरायचं सेंटर आहे, हे काय, इथं मागच्याच खोलीत. पीक विमा, सातबारा, निराधारचा पगार. शेतीचे असे वर्षं चालले आहेत का माणूस वावरात कमी अन् फारमाच्या लाइनीत जास्त. ते सेंटर मी सांभाळते.

पहिले आमच्या मशीनवर विंडोज होतं. मले वाचता येते, पण हळूहळू. म्हणून मी जागेवरून काम करायची. डाव्या हाताले खालच्या कोपऱ्यात दाबलं का यादी उघडते. तिथलं निळं चित्र म्हणजे इंटरनेट. त्याच्या बाजूचं म्हणजे प्रिंट. लाइट गेल्यावर मिठाचा डबा हाताले बरोबर सापडते न, तसं. पण लोक पेनड्राइव्ह घेऊन येत, त्यातून व्हायरस येई, अन् मशीन बसे. तेल्हाऱ्याचा दुकानदार येई, सगळं पुसून पुन्हा तीच चोरीची कॉपी टाकून जाई. पुन्हा मशीन बसे.

नजीरभाऊंचं घर इथं हिवरखेडले, अन् अकोल्याले त्यांचा कॉम्प्युटर क्लास होता. एक दिवस फारम भराले आले, अन् पाहते तं मशीन बंद.

म्हणे, "शोभाताई, ये रोज का मरना छोडो. मी तुमाले लिनक्स टाकून देतो."

मी म्हटलं, "ते काय असते?"

"सिस्टिमच असते. पण कोण्या एका कंपनीची नाही. जगातल्या लोकांनी मिळून बनवली अन् उघडी ठेवली. ज्याले पाहिजे त्यानं घ्या, आत काय आहे ते पाहा, बदला, दुसऱ्याले द्या."

"फुकट?"

"फुकट."

"मंग त्यात काहीतरी खोट असन."

"खोट तुमच्या डोक्यात आहे, ताई."

टाकलं. दुसऱ्या दिवशी मी मशीन सुरू केलं, तं माय, कोपरा रिकामा. निळं चित्र नाही. काहीच जागेवर नाही. बाहेर बाया बसलेल्या अन् मी आत आंधळी. मी फोन केला. म्हटलं, "नजीरभाऊ, माझ्यामागं तुमी माझी चूल हलवली. आता या, अन् स्वयंपाक बी तुमीच करा."

आले. पहिले चहा प्यायले. मंग बसून एकेक चित्र मले विचारून विचारून जुन्या जागी मांडलं. पीक विम्याले कपाशीच्या बोंडाचं चित्र लावलं, निराधारले काठीचं. कीबोर्डवर लावायच्या टिकल्या माझ्याच पाकिटातल्या घेतल्या. हिरवी कायची, लाल कायची, सगळं माझ्या मनानं. म्हणाले, "त्या सिस्टिममंदी तुमाले तिच्यासारखं व्हा लागे. ही तुमच्यासारखी होईन." हे मले आवडलं. खोटं काहून बोलू. माझ्यासारख्या बाईसाठी तोवर कोणीच काही बदललं नव्हतं. मीच बदलत आली होती.

सेंटर चाललं. व्हायरस गेला. गटातल्या बाया शिकल्या. ज्या बायांनी माउसले हात लावाले घाबरून पदराले हात पुसले, त्या दुसऱ्याचे फारम भरू लागल्या. ते सारं खरं आहे. माझ्या आधीच्यांनी ते सांगतलं, मी पुन्हा नाही सांगत.

मी पासवर्डचं सांगते.

रोजच्या कामाले पासवर्ड लागत नव्हता. पण काही नवीन जोडायचं असलं, प्रिंटर म्हणा, स्कॅनर म्हणा, का मशीन पासवर्ड मागे. तो एकट्या नजीरभाऊंले माहीत. फोन केला का यायचे. अन् ते पासवर्ड टाकाले लागले का आमी साऱ्या जणी तोंड फिरवायचो. आमाले कोणी सांगतलं नव्हतं. ते सेंटरातच कोपऱ्यात नमाज पढत, तवा आमी बोलणं बंद करून पाठ फिरवायचो न, तसंच. दुसऱ्याची खाजगी गोष्ट आहे, पाहू नये. आपल्या बायांची सवय. मशीन आमचं, खोली आमची, अन् आमीच भिंतीकडं तोंड करून उभ्या.

एकदा मी म्हटलं, "नजीरभाऊ, तो पासवर्ड आमाले बी सांगून ठेवा न."

ते हसले. "मंग मले चहाले कोण बोलवन?"

साऱ्या हसल्या. मी बी हसली. आता मले त्या हसण्याचाच राग येते.

आठवड्यातून दोनदा ते अकोल्याले जात. विचारलं तं म्हणत, क्लासले चाललो. क्लास कवाच बंद झाला होता. पोरं अमरावतीले कोचिंगले जाऊ लागली, इथं कोण राहते. क्लासच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. हे मले मैयतीच्या दिवशी कळलं, भाबीकडून. ते डायलिसिसले जात होते. भाबीले शपथ घातली होती, कोणाले सांगू नको म्हणून. ठीक आहे. दुखणं ज्याचं त्याचं. सांगायचं नसन, नका सांगू. पण नजीरभाऊ, तुमाले माहीत होतं न, का आपण चाललो? मंग पासवर्ड काहून नाही सांगतला?

ते गेले, अन् त्याच आठवड्यात सेंटरातलं नेटचं डोंगल जळलं. नवं आणलं, लावलं. मशीन म्हणे, पासवर्ड. पीक विम्याचा तो शेवटचा दिवस होता. बाहेर ओट्यावर बाया बसलेल्या. मी त्यांचं नाव टाकून पाहिलं, भाबीचं नाव टाकून पाहिलं. शेवटी लाज सोडली अन् भाबीकडं गेली. जिच्या घरात मैयत झाली, तिले मी जाऊन पासवर्ड विचारून राहिली. ती म्हणे, "मुझे तो उनके मोबाइल का भी नहीं मालूम, शोभा." 

ज्यांचे घरचे लोक होते, ते गाडीवर तेल्हाऱ्याले पळाले. सुमनबाईचं कोणी नाही. तिचं फारम राहिलं. ती तिथं खांबाजवळ बसली आहे, पाहून घ्या. तिचं पीक चांगलं झालं तं देवाची कृपा. नाही झालं, तं विम्याच्या कागदावर तिचं नाव नाही.

दुसऱ्या दिवशी अमरावतीहून फरहीन आली, भाबीले भेटाले. ती इथंच आहे, समोर. नजीरभाऊंच्या क्लासची जुनी विद्यार्थिनी. मी तिले सेंटरात नेलं. तिनं मशीन बंद केलं, सुरू करताना एक बटन दाबून धरलं, काळ्या पडद्यावर दोन-तीन ओळी लिहिल्या. म्हणे, "आंटी, आता नवा पासवर्ड सांगा."

मी म्हटलं, "एवढंच?"

म्हणे, "हो. सरांनीच शिकवलं होतं. क्लासमंदी सुरुवातीलेच शिकवत."

ऐकलं न? क्लासमंदी सुरुवातीलेच. क्लासच्या बाकावर जो येऊन बसला, त्या प्रत्येक पोराले शिकवलं. अन् इतके वर्षं ज्यांच्या हातचा चहा प्यायले, त्यांले नाही. ते कुलूप नव्हतंच. कडी होती, अन् ती कशी काढायची ते आमच्यापासून लपवलं. उघडी आहे, उघडी आहे म्हणून आमाले ती सिस्टिम दिली, अन् दाराशी सोता बसले.

मले समजत नाही असं नाही. क्लास गेला, अकोल्यात कोणी ओळख देईना. त्यांले सर म्हणणारी आमची ती एकच खोली उरली होती. आमी त्यांच्याशिवाय चालाले लागलो असतो, तं त्यांले बोलवलं कायले असतं, असं त्यांले वाटलं असन. आमी बोलवलं असतं, नजीरभाऊ. चहाले बोलवलं असतं. तुमी आमाले एवढंच ओळखलं?

समजते मले. समजलं म्हणून राग गेला असं होत नाही.

सरपंच साहेब काल म्हणाले, "शोभाबाई, ते लिनक्स काढून टाका, पहिलंच बरं होतं." साहेब, ते मी नाही करत. सिस्टिमनं नाही फसवलं, माणसानं फसवलं. नवा पासवर्ड गटातल्या सगळ्या बायांले पाठ आहे. तो कसा बदलायचा, हे बी फरहीननं दाखवलं, अन् आमी डोळे उघडे ठेवून पाहिलं. उद्या मी मेली तं माझ्यापायी कोणाचं फारम राहणार नाही.

आता मौन पाळू. नजीरभाऊंसाठी सगळ्यांनी उभं राहा. ज्याले दुवा मागता येते त्यानं दुवा मागा, ज्याले हात जोडायचे त्यानं हात जोडा. मी बी उभी आहे. मी त्यांले अजून माफ नाही केलं, पण उभी आहे.

सुमनबाई, तुले बसून राहायचं असन तं बसून राहा. तिले कोणी उठवू नका.