वाटलं तर डोळे उघडू शकता

...छे छे, चिडलेलो नाही मी! आवाजच असा आहे माझा! मैदानाच्या या टोकावरून त्या टोकाला पोचवायचा म्हणजे घसा असाच घडतो, त्याला कोण काय करणार? मी शांत आहे. तुम्हाला सांगतो, माझ्याइतका शांत माणूस आमच्या अख्ख्या शाळेत सापडायचा नाही, सर्टिफिकेट आहे तसं माझ्याकडे!

अहो, मी पीटीचा मास्तर. आयुष्यभर केलं काय, तर शिट्टी फुंकली आणि पोरं पळवली. सुखात होतो. आणि एक दिवस आमच्या मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, मला बोलावून घेतात आणि म्हणतात, "सर, मैदानावर नवी इमारत होतेय. खेळाचा तास बंद. त्या जागी ध्यानाचा तास. तुम्ही त्याचं प्रशिक्षण घ्या, नाहीतर... भांडारघर सांभाळा." भांडारघर! म्हणजे मोडकी बाकं, फाटके नकाशे आणि मी! पोरांशिवाय मी त्या अंधारात काय करणार हो? मुकाट्यानं म्हटलं, घेतो प्रशिक्षण.

तर तिथं शिकवायला एक ताई. आवाज इतका मऊ, इतका मऊ की समोर बसून मी सारखा कान पुढे करतोय! म्हणाल्या, "यात देव नाही, धर्म नाही, मंत्र नाही, माळ नाही. कुणाच्याही घरचं मूल बसू शकेल, असं हे ध्यान." म्हटलं, उत्तम. पण मग यात आहे काय? तर म्हणाल्या, "श्वास." अहो, तो माझ्याकडे होताच की!

मग एकेकाच्या तळहातावर एकेक बेदाणा ठेवला. मी खाल्ला. खायलाच देतात ना बेदाणा? तर ताई म्हणतात, "आता त्याच्याकडे नुसतं पाहा..." कशाकडे पाहू? तो पोचला केव्हाच! दुसरा दिला. पाहिला. चेपला. हुंगला. मग म्हणतात, "कानाशी धरा आणि ऐका." अहो, बेदाणा! ऐकायचा! आता शिक्षक व्हायचं तर सराव हवा, म्हणून घरी बसलो कानाशी बेदाणा धरून, तर बायको दारात उभी. "अहो, लग्न झाल्यापासून माझं एक वाक्य पुरतं ऐकलं नाहीत, आणि त्याचं ऐकताय? काय म्हणतोय तो?" मी बेदाणा दुसऱ्या कानाला लावला. मी शांत माणूस आहे.

पण खरी गोम पुढेच. ताईंच्या या पंथात, नाही, पंथ म्हणायचं नाही, चुकलो, तर यांच्यात हुकूम द्यायचा नाही! 'डोळे मिटा' म्हणायचं नाही. 'वाटलं तर डोळे मिटू शकता' असं म्हणायचं. निमंत्रण द्यायचं! अहो, आठवीच्या पोरांना 'वाटलं तर' म्हटलं की त्यांना काय काय वाटेल, याची कल्पना आहे का तुम्हाला? पण ताईंनी बजावलं, "परीक्षेत एक जरी हुकूम तोंडून गेला, तर नापास." गळ्यातली शिट्टीसुद्धा काढायला लावली हो. खिशात टाकली. गळा उघडा पडल्यासारखं वाटायला लागलं.

घरी सराव सुरू. बायकोला म्हटलं, "वाटलं तर... चहा करू शकतेस." ती म्हणाली, "नाही वाटत." झालं! चहा गेला. पण मी शांत होतो बरं का.

परीक्षेचा दिवस. शाळेच्या हॉलमध्ये अख्खा शिक्षकवर्ग माझ्यापुढे बसवलेला, मोठ्या बाई पहिल्या रांगेत, शेजारी ताई. पोरांना वर्गावर्गात लिखाण देऊन ठेवलेलं. मी ताईंनी दिलेली ध्यानाची छोटी घंटा वाजवली, आवाज लोण्यात बुडवला आणि सुरू केलं... "वाटलं तर डोळे मिटू शकता... श्वास येतोय... जातोय... बाहेरून आवाज आला तर येऊ द्या... फक्त नोंद घ्या..." आणि काय सांगू, सगळे निवले! गणिताचे सर, ज्यांच्या कपाळावरची आठी मी कधी मोडलेली पाहिली नव्हती, ती मोडली! वाटलं, जिंकलो. भांडारघर टळलं!

ध्यान संपल्याची घंटा वाजवली. कुणी हललं नाही. पुन्हा वाजवली. नाही! मग नियमाप्रमाणे गोड आवाजात म्हटलं, "वाटलं तर... डोळे उघडू शकता..."

कुणालाच वाटलं नाही हो!

कसं वाटणार? वर्षानुवर्षांचा शिणवटा, त्यात कुणी म्हणतंय की नका उघडू, चालेल! गणिताचे सर तर घोरायलाच लागले. मोठ्या बाईंची मान ताईंच्या खांद्यावर, ताईंची मान मोठ्या बाईंच्या डोक्यावर. आणि तिकडे वर्गांमध्ये कळलं, की मास्तर कुणीच येत नाही! आधी कुजबुज, मग बाकं सरकली, मग व्हरांड्यातून धडधड धडधड... काहीतरी फुटलं... "वाटलं तर..." मी आपला निमंत्रण देतोय! 'उठा' म्हणावं तर नापास, न म्हणावं तर शाळा शिल्लक राहत नाही! हात आपोआप खिशात गेला...

फुर्रर्रर्र!

अहो, अख्खा शिक्षकवर्ग उभा! उंचीप्रमाणे रांगेत! मोठ्या बाई हात सरळ, टाचा जुळवून! आणि ताई? ताई जागच्या जागी पळतायत!

भानावर आल्या तशा म्हणाल्या, "सर, शिट्टी हा हुकूम आहे. नापास." आता मात्र मी घसा खाकरला. "ताई, शिट्टी हा आवाज आहे. आवाज आला तर येऊ द्यायचा आणि नोंद घ्यायची, हे तुम्हीच शिकवलंत." मोठ्या बाई म्हणाल्या, "पास करा हो त्यांना. इतकी छान झोप... म्हणजे, ध्यान, कधी लागलं नव्हतं."

झालो पास. पोरं वाचली, भांडारघर टळलं. पण आता रोज मधल्या सुट्टीत सगळा शिक्षकवर्ग माझ्यापुढे डोळे मिटून बसतो, आणि शाळाभर उधळलेली पोरं आवरायला जागा कोण? शांत माणूस!

काल घामाघूम होऊन घरी गेलो. बायको खुर्चीत डोळे मिटून बसलेली. कानाशी बेदाणा! म्हटलं, "अगं, चहा..." डोळे न उघडताच म्हणाली, "वाटलं तर तुम्ही करू शकता."

केला. दोन कप. तिचा आधी दिला... मग? शांत माणूस आहे मी!