डोळ्यांत मावेल एवढं

…अहो नाही, थट्टा नाही करत, काल आम्ही खरंच कुलपं बघितली. तीन मजली संग्रहालय आणि आत नुसती कुलपं! परवा न्हाव्यांच्या खुर्च्या. आज ही बटणं — बसा ना, बसा, बाक काय माझ्या एकटीचा आहे? छत्री ठेवा त्या कोपऱ्यात, निथळू दे. आपली भाषा कानावर पडली आणि इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! सहा दिवस झाले, ताई सोडून कुणाशी धड बोलले नाहीये. आणि आज तर ताईशीही — असो. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. वरच्या मजल्यावर आहे. म्हणाली, तू खाली बस, मी एकटी बघते. म्हणून बसलेय.

आलो होतो डोंगर बघायला. तुम्हीही? मग तर बोलायलाच नको. बर्फाचा डोंगर, खाली तळं — किती वर्षं तिच्या मशीनच्या वर कॅलेंडरवरचं चित्र चिकटवलेलं होतं. आणि इथे उतरल्यापासून हा पाऊस. वर जाणारी बस बंद, खिडकीतून समोरची इमारत दिसेना, तिथे डोंगर कसला दिसतोय? हॉटेलातली काउंटरवरची मुलगी मोठी गोड. रोज सकाळी नकाशावर पेनाने गोल करून देते — इथे जा, इथे छप्पर आहे. मी परवा रडकुंडीला आले. एवढी हौसेने आणली तिला, आणि दाखवतेय काय, तर खुर्च्या! तर ताई मलाच समजावते — अगं, डोंगर माझ्या डोळ्यांत मावला नसताच. खुर्ची मावते.

मावला नसता म्हणजे — काचबिंदू आहे तिला. दोन्ही डोळ्यांना. नळीतून बघावं तसं दिसतं, मधलं तेवढं स्वच्छ, बाजूचं सगळं गेलं. आणि ती नळीही बारीक होत चाललीय. वर्ष, डॉक्टर म्हणाले. फार तर वर्ष. गेलेलं परत येत नाही, त्यात काही करता येत नाही.

नाही, नाही, वाईट कशाला वाटून घेताय? वर जाऊन बघा तिला, काचेला नाक लावून उभी असेल. आयुष्यभर शिवणकाम केलं हो तिने. आई लवकर गेली, मी नऊ वर्षांची, ही सतराची. सातवीनंतर शाळा सोडलेली. मशीनवर बसली ती बसलीच. माझी फी, माझे कपडे, माझं शिक्षिकेचं कॉलेज, सगळं त्या मशीनमधून निघालं. स्वतःचं लग्न राहूनच गेलं. आता मघाशी काय केलं माहितेय? एका जुन्या कोटाचं बटण लोंबत होतं, ते हिच्या नजरेत भरलं. तिकीट देणाऱ्या आजोबांना खुणेने दाखवते — हे पडेल! त्यांनी काय करावं? कपाट उघडलं आणि सुई-दोरा आणून दिला! सुई ते ओवून देत होते, तर हिने हातातून काढून घेतली. पहिल्या झटक्यात ओवली. मी बघत होते. मला बघवेना. म्हणून — हो, म्हणजे तिने खाली बस म्हटलं हे खरंच, पण मलाही बघवेना.

लवकर कळलं नाही का? सगळे हेच विचारतात. थेंब घातले असते वेळेवर, तर थांबलं असतं. डॉक्टरांनीही विचारलं — कधीपासून आहे त्रास? ताई म्हणाली, झाले असतील दोनेक महिने. ते असे चिडले! दोन महिन्यांत एवढं होत नसतं, बाई, तुम्ही अंगावर काढलंत. ही मान खाली घालून ऐकत होती. मी शेजारच्याच खुर्चीवर. मी तिची पिशवी सांभाळत बसले.

दोन महिने नव्हते हो. दोन वर्षं.

दोन वर्षांपूर्वी ती चष्मेवाल्याकडे गेली होती. दाराच्या चौकटी लागायच्या तिला खांद्याला, शेजारचं माणूस दिसायचं नाही. त्याने चिठ्ठी दिली. इंग्रजीत. ताईने ती घडी करून माझ्याकडे आणली — वाच गं, काय लिहिलंय. लिहिलं होतं, डोळ्यांतला दाब वाढल्यासारखा वाटतो, मोठ्या डॉक्टरांना ताबडतोब दाखवा. दोनच ओळी होत्या. मी वाचल्या आणि तिला म्हटलं — नंबर वाढलाय, असं लिहिलंय.

का म्हणजे? लेकीचे दिवस भरले होते. ती माझ्याकडे बाळंतपणाला आलेली, माझी शाळा चालू, घर सगळं ताईच्या जिवावर. ताई दवाखान्यात अडकली असती तर मी काय केलं असतं? म्हटलं, आठ दिवसांनी सांगू. मग म्हटलं, बाळ जरा मान धरू दे. मग रांगायला लागू दे. ताई त्याला अंघोळ घालायची, रात्रंदिवस मांडीवर घेऊन बसायची. विसरले, असं मी स्वतःला सांगत आले. विसरले नव्हते. चिठ्ठी कपाटात कुठल्या साडीखाली आहे, ते मला आजही माहितेय.

तुम्हाला का सांगतेय मी हे? नवऱ्याला नाही सांगितलं कधी. लेकीला नाही. आज सकाळी मात्र — काउंटरवरची मुलगी या बटणांवर गोल करत होती, उद्या परतीचं विमान, डोंगर काही दिसत नाही आता — आणि मला राहवलंच नाही. खोलीत आल्यावर म्हटलं, ताई, ती चिठ्ठी… ती पलंगावर बसून मोजे चढवत होती. मोजे चढवता चढवताच म्हणाली, माहितेय गं. चष्मेवाल्याने तोंडानेही सांगितलं होतं.

मी म्हटलं, मग तू माझ्याकडे कशाला आणलीस?

म्हणाली, मला वाटलं, तू म्हणशील, चल, उद्याच जाऊ.

एवढंच. ना आवाज चढवला, ना रडली. दुसरा मोजा सापडत नव्हता तिला, शेजारीच पडला होता. मी उचलून दिला. तिने घेतला. त्यानंतर आम्ही दोघी एक अक्षर बोललेलो नाही — हे खाली बस सोडून.

माफ केलं असेल म्हणता? तुम्ही चांगल्या आहात. पण तसं काही बोलू नका.

थांबा — हाक मारली का तिने? हो, जिन्यातच उभी आहे. आले गं ताई, तिथेच थांब! नाही, तुम्ही उठू नका, मीच जाते, तिला शेवटची पायरी दिसत नाही. आणि हे बघा, आम्ही तुमच्यासमोरून गेलो तर ओळख दाखवू नका. हसूही नका. तुम्ही आपली बटणं बघा, जा.