टाळ्यांचा वेळ

लंडनमधल्या साउथॉलच्या दवाखान्यात माझ्या शेजारी दोन पंजाबी बायका नंबरची वाट बघत होत्या. थोरलीचे दोन्ही तळवे सुजून लाल झाले होते.

"बहेनजी, कौन्सिलसमोर बोलायला तीनच मिनिटं होती ना?"

"तीनच! नवऱ्यानं घराबाहेर काढलेली पोर आधी आपल्या बायकांच्या हॉलवर येते, तो विकू नका, हे तीन मिनिटांत कसं सांगायचं? त्यात चष्मा घरी राहिला. कागद हातात, पण अक्षर दिसेना."

"हाय रब्बा! मग?"

"मग गिद्ध्याच्या नाचात आपण सासूला मारतो तसा सभा चालवणाऱ्या साहेबाला टोमणा मारला, गाऊन. 'हॉल विकणाऱ्या साहेबा, तुझ्या आईनं नाचायचं कुठं?'"

"भर सभेत?"

"टोमणा पडला की ओळ उचलून टाळ्या द्यायच्याच. मागे आपल्या चाळीसजणी. उठल्या की सगळ्या!"

"साहेबानं थांबवलं नाही?"

"घड्याळ दाखवलं ना. पण आपली निर्मल नियमांचं पुस्तक घेऊनच बसलेली. म्हणाली, टाळ्यांचा वेळ भाषणात धरत नाहीत, तुमच्याच पुस्तकात लिहिलंय."

"मग किती वेळ चाललं?"

"पाऊण तास! प्रत्येकीनं एकेक टोमणा गायला. शेवटी साहेबाचाही पाय हलायला लागला."

"आणि हॉल?"

"राहिला!"

"वाहेगुरू! पण या हातांचं डॉक्टरला काय सांगणार?"

"सांगेन, मंगळवारपर्यंत बरे कर बाबा. मंगळवारी वाचनालय वाचवायचंय."