मामा आधीच हसतात

मंडळी, बसून घ्या. मामी, तुम्ही पुढं या. त्या खांबामागं नको.

बोलायला उभा राहिलो खरा, पण सुरुवात सुचत नाही. म्हणून आधी तक्रार करतो, तेवढं मला जमतं. माझ्यामागं हा फलक लावलाय. त्यावर 'श्रध्दांजली' छापलंय. अर्धा ध आणि त्याला पूर्ण द. मंडळी, हे उलटं आहे. द आधी, ध नंतर. माणूस गेला तरी जोडाक्षरानं जागा सोडू नये. सकाळी छापणाऱ्याला मी हे सांगितलं. तो म्हणाला, "अर्थ कळला न्हवं, पेपरवाले? मग झालं की." झालं. शोकसभेच्या दिवशी भांडू नये म्हणून गप्प बसलो.

आता म्हाबळूमामा.

तुमच्यातल्या बहुतेकांना ते जीपवाले म्हणून ठाऊक. कुंभारवाड्याहून जोयडा, जोयड्याहून उळवी. बस चुकली की मामा. गेल्या आठवड्यात त्यांच्या छातीत कळ आली. त्यांच्याच जीपमधून त्यांना नेलं, चालवायला दुसरं कुणी होतं. वाटेतच गेले.

माझी त्यांची ओळख वेगळ्या कारणानं. आपल्या कॉलेजच्या पोरांनी मोबाइलवर बघायचा एक विनोदी कार्यक्रम काढला. नाव 'नेटवर्क न्हाई'. पाच-सहा मिनिटांची प्रहसनं. चित्रीकरण मामांच्या जीपच्या शेडमध्ये, दर रविवारी. दिवे म्हणजे जीपचे हेडलाइट. कॅमेरा म्हणजे श्वेताचा मोबाइल, स्टुलाच्या पायाला रबरानं बांधलेला. गवा होतो किरण, शिंगं झावळीच्या देठांची. सगळं झालं की मामा पोरांना जीपमध्ये घालून उळवीच्या चढावर न्यायचे, कारण कार्यक्रम पाठवायला तरी नेटवर्क लागतंच.

आज तुम्ही सगळे मान हलवताय. हलवा. पण मला संशय येतो. दुसऱ्या रांगेत बसलेले दोघं-तिघं परवापरवापर्यंत म्हणत होते, "शिकायचं सोडून पोरं तोंडं वेडावत्यात." नावं घेत नाही. ते स्वतःच आता फलकाकडं बघायला लागलेत.

माझी नेमणूक भाषा तपासायला झाली होती. पोरांनी माझ्याकडून भाषा तपासून घेतली आणि माझीच नक्कल केली. किरण पंचा पांघरून वार्ताहर झाला. फणसाची चोरी झालीय आणि तो बातमी देतोय: "सदर फणसाचे अज्ञात इसमाने अपहरण केले असून, फणसाचे कुटुंबीय शोकाकुल आहेत." मामा टायरवर बसले होते. ते इतके हसले, इतके हसले, की टायरवरून घसरले. माझा पहिला संशय तिथला. हा माणूस विनोदाला हसतो, की मला?

मग एक दिवस श्वेता मोबाइल घेऊन आली. कापणं-जोडणं सगळं तीच करते. म्हणाली, "काका, एक घोळ हाय. मामा आधीच हसतात."

"आधी म्हणजे?"

"जोकच्या आधी. हे बघा."

बघितलं. गवा कचेरीत अर्ज घेऊन येतो: माझ्या जायच्या वाटेत माणसांनी भात लावलंय, बंदोबस्त करावा. कारकून मान वर न करता कानडीत म्हणतो, "नाळे बा." उद्या ये. हशा त्या 'नाळे बा'वर यायला हवा. मामांचा हशा त्याच्याही आधी. किरणनं नुसतं तोंड उघडलं की हशा.

मी बातमीदार. कुणी उगाच हसलं तरी मला चौकशी करावीशी वाटते. म्हटलं, परीक्षा घेऊ. पुढच्या रविवारी किरणला खताच्या पोत्यावरची सूचना वाचायला दिली. विनोद नाही, काही नाही. थंड व कोरड्या जागी ठेवावे. मुलांपासून दूर ठेवावे. त्यानं वाचलं. मामा पोट धरून हसले.

किरणचं तोंड उतरलं. म्हणाला, "म्हणजे आमी विनोदी न्हाईच व्हय, काका? ह्ये खतालाबी हसत्यात."

मी मामांना बाजूला घेतलं. "मामा, खरं सांगा. खतात हसण्यासारखं काय होतं?"

"खताला कोण हसतंय, पेपरवाले? त्यो तुमच्यावानी वाचत हुता की!"

न्यायशास्त्रात याला हेत्वाभास म्हणतात. जोयड्यात फजिती म्हणतात. माझी परीक्षाच नासली. पोरगा खरंच माझ्या सुरात वाचत होता की मामांनी वेळ मारून नेली? मला तेव्हाही कळलं नाही. आज विचारायला ते नाहीत.

ते गेल्यावर मी आणि पोरं त्यांच्या घरी गेलो. मामी, सांगू ना? मामींनी आम्हालाच उलट विचारलं, "घरात त्येचा दात कवा दिसला न्हाई मला. तुमी तितं काय देत हुता त्येला?"

"चहा, मामी."

"नुसता चा?"

"नुसता."

मामींचा विश्वास बसला नाही. अजून बसलेला दिसत नाही. मग श्वेतानं मोबाइल काढला. मामांचं नुसतं हसणं तिनं वेगळं काढून ठेवलं होतं. लावलं. मामींनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, "ह्यो त्यो न्हवं."

मग त्याच म्हणाल्या, "परत लाव बघू."

श्वेतानं परत लावलं. मामींनी मोबाइल आपल्या हातात घेतला आणि कानाला लावला, फोन आल्यासारखा. आम्ही अंगणात येऊन उभे राहिलो.

तेव्हापासून पोरांच्यात वाद आहे. एकजण म्हणतो, मामांचं हसणं हाय न्हवं आपल्याकडं, येणाऱ्या प्रत्येक भागाखाली जोडून टाकू. श्वेता म्हणते, मेलेल्या माणसाला नव्या जोकवर हसवायचं न्हाई. निवाडा मी करायचा, कारण मी वयानं मोठा आणि मला संस्कृत येतं. मी निवाडा केलेला नाही.

आणि किरण काहीच म्हणत नाही. कार्यक्रम लिहायचा तो, आणि त्यानं मामा गेल्यापासून एक ओळ लिहिलेली नाही. काल मला भेटला. म्हणाला, "काका, मामा कीव करत हुते का आमची?"

काय सांगणार? नाही म्हणालो असतो तर त्याला कळलं असतं की मला माहीत नाही. पोरगा मला चांगला ओळखतो. माझी नक्कल करतो तो.

मंडळी, मी इथं मामांच्या हसण्याचा छडा लावायला उभा राहिलो नाही. ते खरं असेल, कीव असेल, मला उद्देशून असेल. असू दे. मला काळजी वेगळीच आहे, आणि ती सरळ सांगतो. रविवारी शेड उघडेल. मामींनी किल्ली दिलीय. पोरं हेडलाइटसमोर उभी राहतील आणि समोर आपण असू, मोठी माणसं, हाताची घडी घालून. किरण तोंड उघडेल आणि आपण वाट बघू, की हा आता काय बोलतोय ते ऐकू, मग ठरवू. तेवढ्या वेळात तो गप्प होईल. एकदा गप्प झाला की परत उभा राहणार नाही. त्याच्यासाठी कुणीतरी आधी हसावं लागतं. मी घरी एकटा असताना करून बघितलं. मला येत नाही.

तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर रविवारी या.

म्हाबळूमामा, नमस्कार करतो. उठा मंडळी, थोडा वेळ गप्प उभे राहू. किरण, तूही ऊठ.