सोमवारची सही

बसच्या रांगेत पाने-पकडींची पिशवी घेतलेल्या माणसाला एका बाईंनी गाठलं.

"तुम्ही वृद्धाश्रमातले जनरेटरवाले ना? मी सात नंबरच्या आजोबांची मुलगी. दर सोमवारी तुम्ही जनरेटर चालवून बघता, तेव्हा बाबा तुमच्या नावानं शंख करतात. माफ करा हो."

"माफी कसली, ताई! 'आवाज फाटतोय' म्हणून त्यांनी डोकं खाल्लं, म्हणून तर उघडून पाहिलं. पट्टा तुटायला आला होता. बदलला, आणि तिसऱ्याच दिवशी वादळ!"

"दोन दिवस वीज नव्हती, पण बाबांचं ऑक्सिजनचं मशीन थांबलं नाही. तुमचे उपकार कसे फेडू?"

"उपकार त्यांचे. अशी अकरा मशीनं चालू होती. आता चाचणीच्या वहीत माझ्या सहीखाली त्यांचीही सही घेतो."

"देतात?"

"डोळे मिटून जनरेटरचा आवाज पूर्ण ऐकतात, मग देतात. काल नाही दिली."

"अगंबाई! मग?"

"मग काय, निघालोय पाने-पकडी घेऊन, पुन्हा उघडून बघायला."