आधी फोन वाजू दे

...नाही, पण तुम्हीच सांगा, जिच्या शेजारी एका रजईत आख्खा जन्म काढला, ती बाई माझ्या तोंडावर म्हणते, "थांब, आधी फोन वाजू दे"! मला! अहो, परक्याने म्हटलं असतं तर हसून सोडून दिलं असतं, पण मेलव्हिनाने?

तुम्हाला सांगतो, शाळा मला फारशी लाभली नाही, अक्षरं जुळायला लागली तोवर बापाने होडीत बसवलं, पण समुद्र मला वाचता येतो. आमच्या लिटल गॅनेट बेटावरून सकाळी सातला एक बोट सुटते, ती वाऱ्याच्या मर्जीवर. वारा फिरला की गार्लंड कप्तान दोर सोडतच नाही. म्हणून मी काय करायचो, रात्री पायरीवर उभं राहून आभाळ बघायचो, आणि पहाटे घरोघरी फोन. "सुटतेय गं बाई, ये." "आज नाही रे बाबा, पडून राहा." आणि नुसतं तेवढंच का? एकीचा गुडघा विचारायचा, दुसऱ्याची मेंढी व्याली का विचारायचं, सेल्बीकडे तर जॅम झाला की नाही हेही... असं करत करत चहा थंड व्हायचा. पण माझा शब्द म्हणजे शब्द. लोक म्हणायचे, अ‍ॅबकाका म्हणाले सुटणार, म्हणजे सुटणार.

मग आली ट्रिना. माझ्या भावाची लेक, टोरांटोला कॉम्प्युटरमध्ये असते, पोरगी सोन्यासारखी, माझ्या मनात काही नाही... "काका, या वयात पहाटे उठून कशाला फोन करता? सगळं आपोआप होईल!" जिन्याखाली, खारवलेल्या कॉड माशाच्या पिंपाशेजारी, तिने एक जुना कॉम्प्युटर मांडला. आता तो रात्री मला विचारणार, "उद्या बोट?" मी आभाळ बघून हो किंवा नाही दाबायचं, आणि सकाळी सहाला तो सगळ्या बेटाला निरोप धाडणार. निरोप त्याचा हं! पण त्याला सांगितलं कोणी? मीच ना!

यंत्र बसवल्याच्या दुसऱ्याच सकाळी मेलव्हिनाच्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख होती, पलीकडच्या इस्पितळात. मोतीबिंदू. सगळा हिवाळा तिने वाट बघितली होती, सुईत दोरा ओवता येईना, माझ्या चहात साखर म्हणून मीठ पडायला लागलं होतं, मी गुपचूप पीत होतो. त्या सकाळी समुद्र असा, जसा बशीतला चहा. मी म्हटलं, "चल, कोट घाल."

"फोन कुठे वाजला?"

"अगं, मी सांगतोय ना!"

"तू सांगतोयस. फोन सांगत नाहीये."

अहो, त्या फोनला सांगितलं कोणी? मीच ना! बाहेर धावलो, सेल्बीच्या दारात गेलो, म्हटलं, "सेल्बी, हिला तू तरी सांग." तर सेल्बी, ज्याला मी पोहायला शिकवलं, तो मोजे घालून पलंगावर बसलेला, म्हणतो, "काका, निरोप नाही आला अजून." आख्खं बेट कोट घालून घरात बसलंय! गार्लंडने घड्याळ पाहिलं, भोंगा दिला, आणि रिकामी बोट घेऊन गेला. आणि बोट टेकडीआड गेल्यावर, साडेसातला, सगळ्यांचे फोन एकदम किणकिणले... "बोट सुटणार आहे. धक्क्यावर या."

ट्रिनाला फोन लावला. "अय्या, काका, माझ्या ऑफिसची फाइल तशीच उचलली, त्यात वेळ टोरांटोची राहिली!" म्हणजे तिचे सहा वाजेपर्यंत आमचे साडेसात. ती म्हणाली, प्रोग्रामच्या पोटात हात घालायचा नाही, बाहेर एक फाइल आहे, तिच्यात ओळी आहेत, डावीकडे नाव, मध्ये बरोबरचं चिन्ह, उजवीकडे तुमचं उत्तर. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणतात म्हणे. वेळेच्या ओळीत टोरांटो पुसा आणि सेंट जॉन्स लिहा, त्या शहराचं आणि आपलं घड्याळ एकच.

सेंट जॉन्स! त्या शहरी लोकांचं? जे आम्हाला खाडीतले गावठी म्हणतात, आमचाच मासा खातात आणि वर आमच्याच बोलण्याला हसतात? माझ्या जिन्याखालच्या घड्याळावर त्यांचं नाव? मेलो तरी लिहिणार नाही! एका बोटाने, शांतपणे, एकेक अक्षर शोधून मी लिहिलं, लिटल गॅनेट. काही झालं नाही. ट्रिना म्हणाली, "काका, बंद करून चालू करा, तो उठतानाच एकदा फाइल वाचतो, मग दिवसभर बघत नाही." बघा! ज्याने उठल्यावर एकदाच डोळे उघडायचे, त्याच्यावर बेटाचा भरवसा, आणि जो दिवसभर समुद्राकडे बघतो त्याला म्हणे थांब! बरं, बंद केलं, चालू केलं.

आता त्या यंत्राला लिटल गॅनेट कुठून ठाऊक असणार? त्याने आपलं मुकाट्याने लंडनकडचं घड्याळ धरलं. पहाटे साडेतीनला किण्... "धक्क्यावर या." आणि गेले हो! धुक्यात, बॅगा घेऊन, आख्खं बेट! मी जाऊन ओरडलो, "अरे, बोट कुठाय? डोळे आहेत ना?"

"काका, निरोप आलाय."

"त्याला सांगितलं कोणी? मीच ना!"

"मग ओरडता कशाला?" सेल्बी म्हणाला. "तुम्हीच बोलावलंत."

आणि मेलव्हिना सगळ्यात पुढे, बॅगेवर बसलेली. इस्पितळाने दिलेली दुसरी तारीख अजून लांब होती, तरी! म्हणाली, "एकदा हुकली. आता मी फोनच्या आधी हलणार नाही आणि फोन वाजल्यावर थांबणार नाही." तिचे हात गारठलेले होते. मग मी घरी आलो, आणि काय सांगू, सेंट जॉन्स लिहिलं. बंद केलं, चालू केलं. बापाची मनातल्या मनात माफी मागितली.

त्या दुसऱ्या तारखेला फोन बरोबर सहाला वाजला. मी आदल्या रात्रीच तिला म्हटलं होतं, सुटणार. तेव्हा नुसती कूस बदलली. आणि फोन वाजल्यावर कोट चढवत मला म्हणते, "बघ, याला म्हणतात खात्री!"

ऑपरेशन छान झालं. पण त्या डोळ्यावर डॉक्टरांनी पट्टी बांधलीय, दुसऱ्या डोळ्यात मोतीबिंदू आहेच, फोनवरचं काही वाचता येत नाही. आता सकाळी फोन वाजला की हाक मारते, "अरे, वाचून दाखव बाबा, काय म्हणतोय?" माझा चष्मा कुठे सापडतोय त्या वेळी? मी फोन हातात धरतो, बहुतेक उलटाच, खिडकीतून समुद्राकडे बघतो आणि वाचतो, "आज बोट सुटणार. दुपारी वारा फिरेल, शाल घ्या. सेल्बीचा जॅम झालाय."

आणि ती उशीला टेकून समाधानाने म्हणते, "किती हुशार आहे रे तो! तुला कधी सुचलं असतं का हे?"

मी म्हणतो, "नाही गं. मला कुठलं सुचायला!"